टी-शर्टच्या विनाईलसाठी प्लॉटर कसा लावावा

गाड्यांवरचं रेडियम, म्हणजे चिकट स्टिकर, कापणाऱ्या प्लॉटरवर सेटिंग न बदलता हीट ट्रान्सफर विनाईल (गरम प्रेसने कापडावर चिकटणारा रंगीत थर) चढवलं, की पहिला मीटर हमखास वाया जातो. रेडियमखाली कागद असतो. इथे खाली पारदर्शक प्लास्टिक शीट असते आणि प्रेस होईपर्यंत डिझाइन तिच्याच भरवशावर असतं. त्यामुळे रंगाचा थर पूर्ण तुटला पाहिजे, शीटवर मात्र नुसता ओरखडा.

रोल लावताना चकचकीत शीट खाली, गोंदाची बाजू वर. डिझाइन मिरर करायचं, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं. एकदा अकरा जर्सींचे नंबर मी मिरर न करताच कापले. त्यातला इंग्रजी आठ तेवढा कामी आला.

आता पातं. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) विनाईलला ४५ अंशांचं, ग्लिटर किंवा मखमली फ्लॉकसारख्या जाड मालाला ६० अंशांचं. ते होल्डरमधून किती बाहेर काढायचं, इथेच खरी मेख आहे. मशीनला हात लावण्याआधी होल्डर पेनासारखा उभा धरा आणि विनाईलच्या तुकड्यावर बऱ्यापैकी दाबून चौकोन काढा. नखाने रंग उचला. तो अख्खा सुटला, शीट उजेडाकडे धरल्यावर पुसट रेघ दिसली आणि मागून बोट फिरवल्यावर काहीच लागलं नाही, की खोली बरोबर. मागे उंचवटा लागला तर टोक थोडं आत घ्या. पातं भरपूर बाहेर काढून प्रेशर कमी ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्याने टोक तुटतं आणि बारीक अक्षरं ओढली जातात.

मग होल्डर मशीनवर लावून प्रेशर ६० ग्रॅमपासून सुरू करा, १०-१० ने वाढवा. प्रत्येक वेळी दोन सेंटिमीटरचा चौकोन आणि आत वर्तुळ कापून सोलून बघा. वेग कमीच ठेवा. रोलच्या एकाच पट्ट्यात कट कच्चा राहत असेल तर प्रेशर वाढवत बसू नका. पात्याखालच्या पट्टीवर खाच पडली आहे का बघा.

चौकोनाचे कोपरे बोलतात. गोल झाले तर ऑफसेट (पात्याचं टोक होल्डरच्या मध्यापासून किती बाजूला आहे ते अंतर, मशीनमध्ये भरायचं) वाढवा, शिंगं फुटली तर कमी करा. बहुतेक पात्यांना ०.२५ मिलिमीटर चालतो. सुरुवात आणि शेवट जुळत नसेल तर थोडा ओव्हरकट द्या, म्हणजे कट सुरुवातीच्या बिंदूच्या किंचित पुढे जाऊ द्या.

माप शेवटी. ४०० मिलिमीटरची रेघ कापून स्टीलच्या पट्टीने मोजा. ३९८ भरली तर ४०० भागिले ३९८, म्हणजे त्या दिशेचा स्केल १००.५ टक्के. लांबी आणि रुंदी वेगवेगळी तपासा.

मराठी मजकूर असेल तर अजून एक काम. फॉन्टमधली अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत घुसलेली असतात आणि प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो. सोलताना शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी अक्षरं कर्व्ह करून (फॉन्टचं आकारात रूपांतर करून) वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच कड करा. मी तर चाचणीलाच ‘श्रीं’ कापतो: दोन मिलिमीटरचा अनुस्वार आजूबाजूच्या नको असलेल्या विनाईलबरोबर उचलला गेला, तर पातं बोथट झालंय किंवा प्रेशर अजून कमी पडतंय.