मुलांना स्क्रिबली गमची ओळख कशी करून द्यावी

आपल्याकडे निलगिरी म्हटलं की आधी सर्दी आठवते. गरम पाण्यात दोन थेंब, डोक्यावर टॉवेल. सिडनीत वाढणाऱ्या मराठी मुलांना मात्र ही झाडं घराबाहेर पडताच दिसतात, आणि सगळी सारखीच वाटतात. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्या सगळ्या ओळखायला जाऊ नका. एकच निवडा. सिडनीच्या आसपास राहत असाल तर माझं मत स्क्रिबली गमला, कारण या झाडावर काहीतरी लिहिलेलं असतं.

झाड शोधायला वाळूखडकाच्या माळांवर जा. रॉयल नॅशनल पार्क (स्थापना 1879) किंवा कु-रिंग-गाय चेस, सिडनीजवळच्या या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत हे झाड आहे. रॉयलची जमीन मुळात धारावल या आदिवासी लोकांची, हे मुलांना वाटेतच सांगून टाकावं. झाड फार उंच नसतं, बऱ्याचदा वाकडंतिकडं आणि बुंध्यापासूनच फुटलेलं. गुळगुळीत पांढरट-राखाडी खोडावर तपकिरी गिरगोट्या दिसल्या की समजा, सापडलं.

आता महत्त्वाचं: नाव लगेच सांगू नका, कीटकाची गोष्ट तर मुळीच नाही. आधी विचारा, "हे कोणी लिहिलं असेल?" आमच्या घरी उत्तरं मुंगीपासून भुतापर्यंत गेली. मला स्वतःला ते अक्षर मोडीसारखं वाटतं, हात न उचलता सरसर ओढलेलं. मुलांना एका रेषेवरून बोट फिरवू द्या आणि तिचं बारीक टोक शोधायला लावा. रेषा बारीक सुरू होते, पुढे जाड होत जाते, आणि एका ठिकाणी वळून आपल्याच वाटेला चिकटून मागे येते. हे वळण मुलांनी स्वतः शोधायला हवं. दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. मग तीच रेषा वहीत उतरवून घ्यायची.

वळण सापडलं की लेखक कोण ते सांगा. तो एका इवल्याशा पतंगाची अळी (उडवायचा पतंग नव्हे, दिव्यावर झेपावणारा). ती सालीच्या आत नागमोडी बोगदा कोरत जाते. वाढते तशी रेषा जाड होते. जखम भरून काढायला झाड त्या दुहेरी वाटेत मऊ पेशी भरतं, आणि अळी उलटी फिरून नेमक्या त्याच पेशी खात परत येते. झाड मलम लावतंय आणि ही ते चाटून खातेय, असं सांगितलं की लहान मुलांनाही कळतं. पोट भरलं की ती झाडातून बाहेर पडून कोश करते. वरची जुनी साल नंतर गळते, तेव्हा कुठे अक्षरं उघडी पडतात. म्हणजे आपण वाचायला येतो तोवर लेखक निघून गेलेला असतो. या पतंगांच्या 11 नव्या जातींचं वर्णन शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये केलं. "मोठ्या माणसांनाही हे अलीकडेच कळलं" या वाक्यावर मुलं भलतीच खूश होतात.

मग खाली पडलेलं एक पान उचला. विळ्यासारखं वाकलेलं, जाड, दोन्ही बाजूंनी सारखंच हिरवं. ते चुरगळून हुंगायचं, चघळायचं मात्र नाही. घरातली निलगिरी तेलाची बाटलीही मुलांच्या हाती लागू देऊ नये, ते पोटात गेलं तर विषारी आहे. पानं उभी लोंबतात, त्यामुळे दुपारचं ऊन त्यांच्यावर कमी पडतं. झाडाखाली सावली विरळ का, हे त्यावरून मुलांनाच ओळखू द्या.

कळ्या दिसल्या तर नशीब. प्रत्येक कळीवर छोटी टोपी असते. ती गळून पडली की आतून पुंकेसरांचा पांढरा झुबका बाहेर येतो. युकॅलिप्टस या निलगिरीच्या, ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच "नीट झाकलेलं". आणि या जातीचं पुढचं नाव, हीमॅस्टोमा, म्हणजे "रक्ताळलेलं तोंड". फळाच्या तोंडाशी असलेली तांबूस कड पाहिली की नाव पाठ करावं लागत नाही.

साल सोलायची नाही आणि राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणायचं नाही, हे निघण्यापूर्वीच बजावा. डबा झाडाखाली उघडू नका. निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही अचानक तुटतात. बसण्याआधी जमिनीवर मोठ्या मुंग्या आहेत का बघा, बुल अँटचा डंख जबर असतो.

परतण्याआधी एकाच रेषेचा फोटो काढा, शेजारी मुलाचा पंजा ठेवून. पुढच्या उन्हाळ्यानंतर त्याच झाडाकडे गेलात, की साल उतरून मजकूर बदललाय का ते बघायचं. पंजा तर नक्की बदललेला असेल.