अल्फा, बीटा आणि साठ बाय नव्वदची चादर

संध्याकाळी सहा वाजता माझ्या घरी दहावीची पंधरा-सोळा मुलं शिकायला येतात. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. गल्लीत दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट चालू असतो, त्यामुळे जरा मोठ्यानं शिकवायची सवयच झाली आहे. वर्गसमीकरणात 'मुळे आणि सहगुणक यांतील संबंध' आला की मी पुस्तक मिटायला लावते, कपाटातली एकेरी चादर काढते आणि फरशीवर अंथरते. साठ बाय नव्वद इंच.

चादर कुणी पाहिलेलीच नाही असं समजायचं. मी दोनच गोष्टी सांगणार: लांबी आणि रुंदी मिळून १५० इंच, आणि क्षेत्रफळ ५४०० चौरस इंच. आता लांबी-रुंदी काढा. हा प्रश्न समीकरणात लिहिला की असा दिसतो:

क्ष² − १५०क्ष + ५४०० = ०

मुळं, म्हणजे क्षच्या जागी चालणाऱ्या संख्या, ६० आणि ९०. पुस्तकात त्यांना अल्फा आणि बीटा म्हणतात. बेरीज मधल्या पदात बसली आहे, गुणाकार शेवटच्या पदात. पदांतल्या या आकड्यांना सहगुणक म्हणतात. संबंध म्हणतात तो एवढाच. मुलं लगेच विचारतात की १५० च्या आधी वजा का. तिथेच थांबायचं, कारण बहुतेकांचे मार्क त्या वजाच्या चिन्हातच जातात. शाळेत असताना माझेही गेले होते. बाईंनी सूत्र दहा वेळा लिहायला लावलं. चिन्ह पाठ झालं, पण ते का येतं हे मला पुढं कितीतरी वर्षांनी, स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. म्हणून माझ्याकडे सूत्र आधी लिहायचं नाही, आधी कंस सोडवायचे.

६० हे मूळ आहे म्हणजे क्षच्या जागी ६० ठेवलं की शून्य आलं पाहिजे. म्हणून कंस (क्ष − ६०). दुसरा (क्ष − ९०). वजा इथेच आला. आता दोघांचा गुणाकार करा, पण घाई नको. मागावर ताण्याचा प्रत्येक उभा धागा बाण्याच्या प्रत्येक आडव्या धाग्याला भेटतो, तसं पहिल्या कंसातलं प्रत्येक पद दुसऱ्या कंसातल्या प्रत्येक पदाला भेटतं. चार भेटी होतात. क्ष ला क्ष भेटला, क्ष² झाला. क्ष ला −९० भेटला, −६० ला क्ष भेटला. या दोन भेटी मिळून −१५०क्ष. शेवटी −६० ला −९० भेटला: वजा वजा अधिक, ५४००. म्हणजे बेरजेला वजा लागतो कारण तिथं एकच वजा संख्या आली आहे, आणि गुणाकाराला लागत नाही कारण तिथं दोन आल्या.

दुसरी चूक पहिल्या सहगुणकाची. २क्ष² − ७क्ष + ३ = ० दिलं की मुलं बेरीज ७ सांगून मोकळी होतात. क्ष² च्या मागचा २ तसाच ठेवून काही बोलायचं नाही. आधी सगळ्याला २ ने भागा: क्ष² − (७/२)क्ष + ३/२ = ०. बेरीज ७/२, गुणाकार ३/२. मुळं ३ आणि १/२ आहेत, ताळा करून बघा. पुस्तकातलं 'वजा ब भागिले अ' आणि 'क भागिले अ' (अ, ब, क म्हणजे क्रमानं तिन्ही पदांचे सहगुणक) हे या भागाकारातूनच आलं आहे.

याचा खरा उपयोग मुळं न काढता काम करून घेण्यात आहे. चादरीचा कर्ण हवा असेल तर अल्फा² + बीटा² लागतो. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची दुप्पट वजा करा: २२५०० − १०८०० = ११७००. वर्गमूळ १०८ च्या किंचित पुढं. मग दोन मुलं चादरीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर टेप धरतात. टेपवर १०८ च्या पुढची रेघ दिसली की सगळा वर्ग वाकून बघतो. लांबी किंवा रुंदी, एकही वेगळी काढलेली नसते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं क्ष² − ४क्ष + १ = ० सोडवलं. तिची आई विड्या वळते. ही पोरगी शेजारी बसून गणितं करते. मुळं आली २ + √३ आणि २ − √३. वही पुढं करून म्हणाली, "मॅडम, मुळं अशी वाकडीतिकडी, मग बेरीज सरळ ४ कशी?" मी म्हटलं, मिळवून बघ. एकातला √३ दुसऱ्यातल्या √३ नं खाल्ला. गुणाकार केला: ४ − ३, म्हणजे १. त्या दिवशी तिनं पानभर अशीच समीकरणं करून पाहिली. अकरावीत संमिश्र मुळं येतात तेव्हाही हेच होतं: क्ष² − ४क्ष + १३ = ० ची मुळं साध्या संख्यारेषेवर सापडतच नाहीत, तरी बेरीज ४ आणि गुणाकार १३ च.

हा संबंध फ्रांस्वा व्हिएत (१५४०–१६०३) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो. पेशानं तो वकील. तो फक्त धन मुळं धरायचा. ऋण आणि काल्पनिक मुळांसह नियम १६२९ मध्ये आल्बेर जिरार यानं मांडला. ऋण संख्येचा संकोच आपल्याकडेही होता. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, एकूण किती? समीकरण येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. बेरीज ५५, गुणाकार २५०: मुळं ५० आणि ५. यातलं ५ त्यांनी सोडून दिलं, कारण पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की संख्या ऋण होते. समीकरण बरोबर, मूळही बरोबर, पण उदाहरणात बसत नाही. शाब्दिक उदाहरणात शेवटी हे बघायचंच.

घनाच्या समीकरणाला चादर पुरत नाही, चादरी भरायचा खोका लागतो. बाजू २, ३ आणि ५ फूट धरा. तीन कंस सोडवले की:

क्ष³ − १०क्ष² + ३१क्ष − ३० = ०

१० म्हणजे तिन्ही बाजूंची बेरीज. चौपट केली की सगळ्या कडांची लांबी. ३१ म्हणजे दोन-दोन बाजूंचे गुणाकार, ६ + १५ + १०. दुप्पट केली की खोक्याला लागणारा पुठ्ठा, ६२ चौरस फूट. ३० म्हणजे घनफळ. चिन्हं आळीपाळीनं अधिक-वजा, कारण प्रत्येक पायरीला एक वजा संख्या जास्त गुणली जाते.

मात्र क्ष³ − ७क्ष + ६ = ० सारखं समीकरण आलं तर क्ष² चं पद कुठं गेलं ते आधी विचारा. त्याचा सहगुणक शून्य आहे, म्हणून मुळांची बेरीज शून्य. १ आणि २ ही दोन मुळं ठेवून बघितली की सापडतात, मग तिसरं −३ सोडून दुसरं काही असूच शकत नाही. मी तरी वहीत रिकाम्या जागी ०क्ष² लिहायला लावते, ठळक, पेन दाबून.