विशेष मुलांसोबत काम करताना या चुका टाळा

नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते: सूचना एकदाच द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. सगळे हसतात. तीनच्या पुढे सहसा कुणी जात नाही.

"बूट काढ" हे ऐकायचं, त्याचा अर्थ लावायचा, मग हात हलवायचा. काही मुलांना एवढ्याला आठ-दहा सेकंद सहज लागतात. तेवढ्यात आपलं सुरू होतं: "काढ ना बूट", "बूट कुठेयत बघू?", "शहाणं बाळ ना तू?" आपल्याला वाटतं, सोपं करून सांगतोय. मुलाला मात्र प्रत्येक नव्या वाक्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शेवटी बूट आपणच काढतो आणि वहीत लिहितो, 'सूचना पाळत नाही'. दहा झाले तरी हालचाल नसेल, तर तेच शब्द पुन्हा एकदा म्हणा आणि बुटाकडे बोट दाखवा. मी हात मागे बांधून उभी राहते, कारण मोकळे असले की ते मदतीला धावतातच.

दुसरी चूक मला जास्त चिडवते. "कार्डांची सवय लागली तर बोलायचाच नाही", म्हणून चित्रकार्डं, म्हणजे मूल जी हातात देऊन हवं-नको सांगतं ती चित्रं, आवरून ठेवणं. चित्रांमुळे बोलणं अडतं याला आधार नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतंच.

माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता, शब्द एकही नाही. 'पाणी', 'बाहेर' आणि 'पुरे' ही तीन कार्डं स्वतःहून आणून द्यायला शिकायला त्याला दोन महिने लागले. मी आठवडाभर रजेवर गेले. परत येऊन बघते तर मदतनीस ताईंच्या मनगटावर चावल्याच्या खुणा आणि कार्डांची फाइल कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. का? "सारखं 'बाहेर' आणून देत होता, कामच होईना." अहो, पण त्याबरोबर 'पुरे'सुद्धा वर गेलं! कार्डाने म्हणता येईना, तेव्हा त्याने दातांनी म्हटलं. चूक माझीही होती, जाताना मी कुणाला काही लिहून दिलं नव्हतं. नंतर फाइल त्याच्या हाताला येईल अशी खाली लावली आणि त्याने 'पुरे' दिलं की, दहा सेकंदच काम झालेलं असलं तरी, थांबायचं ठरवलं. चावणं सुटायला तीन आठवडे गेले. 'बाहेर' लगेच शक्य नसेल तर कार्ड लपवू नका. एका पट्टीवर आधी मण्यांचं चित्र लावा, त्याच्यापुढे बाहेरचं, म्हणजे आधी मण्यांचं काम, मग बाहेर.

बाकीच्या चुका थोडक्यात. हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावू नका. ऐकण्यासाठी बघावं लागत नाही. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, नाहीतर मुलाची निम्मी ताकद तोल सावरण्यात जाते आणि आपण त्याच्या अक्षराला नावं ठेवतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या मारायला लावू नका. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. हात फडफडवण्याने कुणाला इजा होत नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

आणि मूल बोलता बोलता, खेळता खेळता काही सेकंद थिजतं, हाकेला-स्पर्शाला ओ देत नाही, मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं, असं दिसलं तर 'लक्ष नाही' असा शेरा मारून मोकळे होऊ नका. ती फिट असू शकते. वेळ टिपा, जमलं तर व्हिडिओ काढा आणि पालकांना त्याच दिवशी सांगा, म्हणजे ते डॉक्टरांना दाखवतील.

राहिले 'तीन दिवस करून बघितलं, फरक नाही' म्हणणारे. खाऊसाठीच्या आरडाओरड्याला दाद देणं बंद केलं की ओरडणं आधी वाढतं. चौथ्या दिवशी वैतागून खाऊ हातात दिलात, तर चार दिवस ओरडलं की खाऊ मिळतो, एवढं मूल पक्कं शिकतं. तेवढी चिकाटी नसेल तर सुरूच करू नका, पहिल्याच हाकेला खाऊ देऊन टाका.