मालगाडी कुठे थांबते ते आधी शोधा: छोट्या गावात मालगाड्या बघण्याच्या जागा

मालगाडीची वेळ कुठल्या फलकावर लावलेली नसते. रेल्वेच्या एनटीईएस अ‍ॅपवर प्रवासी गाड्या दिसतात, मालगाड्या दिसत नाहीत. म्हणून सुंदर वळण गाठून वाट बघत बसलं, तर दोन तासांत एकही गाडी न दिसण्याची शक्यता मोठी. आणि आली तरी ताशी ६० किलोमीटरने जाणारी ६५० मीटरची गाडी ४० सेकंदांत संपते. म्हणून देखावा नंतर बघा. मालगाडीला थांबायला किंवा हळू व्हायला भाग पाडणारी जागा आधी शोधा. जवळजवळ प्रत्येक गावात अशी एक तरी जागा असते.

लूप लाइनचं टोक

उपग्रह नकाशावर स्टेशन उघडा आणि दोन्ही टोकांना रुळांना फाटे कुठे फुटतात ते बघा. मेन लाइनच्या बाजूला, साधारण ७०० मीटर लांबीची जी लाइन पुन्हा मेन लाइनला मिळते, ती लूप. मागून एक्स्प्रेस येत असली की मालगाडी इथे बाजूला घेतात. सिंगल लाइनवर समोरून येणाऱ्या गाडीसाठीही तेच करतात.

नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात: फलाटाच्या मधोमध उभे राहतात. मालगाडी बहुतेक वेळा फलाटापेक्षा लांब असते आणि तिचं इंजिन पुढच्या टोकाला, स्टार्टर सिग्नलच्या (स्टेशनातून निघायची परवानगी देणाऱ्या सिग्नलच्या) अलीकडे थांबतं. मधोमध उभं राहिलं तर फक्त वाघिणी, म्हणजे मालाचे डबे दिसतात. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन एका टोकाला, उलट दिशेच्या गाडीचं दुसऱ्या टोकाला. त्यामुळे टोक दिशेप्रमाणे निवडा. त्या टोकाजवळून कुंपणाबाहेरचा सार्वजनिक रस्ता जात असेल, तर ती गावातली पहिली चांगली जागा.

गाडी लूपमध्ये येणार का, हे स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल सांगतो. पिवळा दिवा आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरपी ओळ पेटली असेल, तर गाडी बाजूच्या लाइनवर वळणार आहे. हिरवा असेल तर ती थेट निघून जाईल. (जुने हात असलेले सिग्नल मार्ग मोकळा झाला की खाली झुकत. आपण अजून ‘सिग्नल पडला’ म्हणतो ते त्यामुळे.)

प्रवासी गाड्यांचं अ‍ॅप इथे उलट्या बाजूने वापरायचं. दोन प्रवासी गाड्यांत पाऊण तास किंवा जास्त मोकळीक दिसली, तर त्या वेळात मालगाडी सोडण्याची शक्यता असते. एक्स्प्रेस जवळ येत असेल, तर तिच्या आधी मालगाडी लूपमध्ये शिरण्याची शक्यता. एक्स्प्रेस उशिरा धावत असेल, तर थांबवून ठेवायची मालगाडी कधी कधी तिच्या आधीच पुढे काढतात. ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी वाहतूक बंद असेल तर मात्र दोन-तीन तास काहीच येत नाही. रुळांवर कामगारांची टोळी आणि मशीन दिसलं की चहा घेऊन या, पण ब्लॉक सुटण्याआधी परत या. अडकलेल्या गाड्या मग एकामागोमाग येतात.

मालधक्का

मालगाडीत माल चढवायची-उतरवायची जागा म्हणजे मालधक्का. तालुक्याच्या गावी बघायला सगळ्यात समृद्ध जागा हीच. नकाशावर ती बिनछपराच्या किंवा अर्ध्या छपराच्या लांब फलाटासारखी दिसते, शेजारी ट्रक वळवायला मोकळं मैदान असतं. खताची किंवा सिमेंटची रॅक, म्हणजे अख्खी मालगाडी लागली की बाहेर ट्रकची रांग दिसते. हीच सगळ्यात खात्रीची खूण. रॅक कधी लागणार हे हमाल, ट्रकवाले आणि समोरचा चहावाला यांना आधीच ठाऊक असतं. विचारलं तर सांगतात.

गाडी इथे तासन् तास उभी असते, त्यामुळे वाघिणी ओळखायला शिकायची जागा हीच. वाघिणीच्या अंगावर प्रकाराची अक्षरं लिहिलेली असतात. उघडी, उंच भिंतींची ती बॉक्स-एन: कोळसा, खनिज. वरून बंद आणि बाजूला दारं असलेली बीसीएन: धान्य, खत, सिमेंट. टाकीची बीटीपीएन: पेट्रोल, डिझेल. कंटेनर वाहणारी सपाट, ती बीएलसी. धक्क्याच्या आत परवानगीशिवाय जाऊ नका. माल उतरवताना पोत्यांचे ढीग आणि उलटे येणारे ट्रक यांच्यामध्ये उभं राहणं रुळाइतकंच धोक्याचं आहे.

चढ आणि जंक्शन

चढावर जड गाडीचा वेग आपोआप पडतो. याचं राज्यातलं ठळक उदाहरण म्हणजे थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ६५० मीटरची गाडी पूर्ण चढावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटीपेक्षा सुमारे साडेसतरा मीटर उंच असतं. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला सोडतात. मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. स्टेशनवरूनच बँकर जोडताना दिसतात, घाटातल्या रुळांवर चालत जाण्याची काहीही गरज नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे डाऊन गाडी चढते आणि अप गाडी उतरते, कारण मुंबईकडे जाणारी ती अप.

जंक्शनमध्ये मनमाड घ्या. भुसावळ मार्गाला दौंडची आणि छत्रपती संभाजीनगरची लाइन इथे मिळते, शिवाय अन्न महामंडळाची गोदामं आणि पानेवाडीचे तेलडेपो जवळ आहेत. त्यामुळे बीसीएन आणि टाक्या दोन्ही दिसतात. कोकणात कोलाडला वेगळाच प्रकार आहे. १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून पुढे नेतात.

फाटक आणि पूल

फाटक बंद झालं म्हणजे गाडी येणार, एवढं सगळ्यांना कळतं. त्यापुढची खूण म्हणजे रुळाकाठचा पिवळा ‘सी/फा’ (सीटी/फाटक) फलक. तो साधारण फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे असतो आणि लोको पायलट तिथून शिट्टी वाजवू लागतो. ताशी ५० किलोमीटरची गाडी त्यानंतर ४३ सेकंदांत फाटकावर येते. कॅमेरा तेवढ्यात तयार हवा. गेटमनशी गाडीच्या वेळी बोलू नका, त्याचं लक्ष फोनवर आणि फाटकावर असतं.

रस्त्याच्या उड्डाणपुलावर पदपथ असेल तर वरून अख्खी रॅक दिसते. खाली २५,००० व्होल्टची तार असते. सेल्फी स्टिक, छत्री किंवा ट्रायपॉडचा पाय जाळीबाहेर काढू नका. झटका बसायला तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असं नाही.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. पूर्व-पश्चिम रूळ असतील तर हिवाळ्यात दिवसभर ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभे राहा. मे-जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि इंजिनाचा चेहरा काळा येतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर या.

वही

जागा पक्की करण्यासाठी चार-पाच फेऱ्या लागतात. दर गाडीला वेळ, दिशा, इंजिनाचा प्रकार, वाघिणीचा प्रकार, भरलेली की रिकामी, थांबली की गेली, एवढं लिहा. रिकामी गाडी खडखडते, भरलेलीचा आवाज दबका आणि जड असतो. कोळसा विदर्भातून नाशिकच्या एकलहरे वीजकेंद्राकडे भरून येतो आणि त्याच वाघिणी रिकाम्या परततात. असा प्रवाह ओळखला की कोणत्या टोकाला उभं राहायचं ते कळतं. वेग मोजायला बॉक्स-एन सोयीची: एक वाघीण साधारण १०.७ मीटर, म्हणजे एका सेकंदाला एक वाघीण गेली तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या थोडा खाली.

रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टेशनवर बसायचं तर १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं. उभ्या गाडीखालून कधीही जाऊ नका, ती शिट्टी न ऐकू येताही हलू शकते. दुहेरी मार्गावर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. लष्कराचं सामान असलेली गाडी आली तर कॅमेरा खाली ठेवा. कोळशाच्या गाडीला वारा येतो त्या बाजूला उभे राहा, नाहीतर डोळ्यांत धूळ जाते आणि शेवटच्या वाघिणीचा ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल) फलक वाचायचा राहून जातो.