'एलियन: आयसोलेशन' खेळताना या चुका टाळा

२०१४ साली आलेला 'एलियन: आयसोलेशन' हा व्हिडिओ गेम बरेच जण अर्ध्यावर सोडतात. एलियन मारता येत नाही हे कळलं की खेळाडू लपून बसतो, आणि बसून राहिल्यामुळेच पुन्हा पुन्हा सापडतो. गेम घडतो त्या सेवास्तोपोल अवकाश स्थानकावर लपायचं ते पुढचा दरवाजा गाठण्यासाठी, तेवढ्यापुरतंच.

लॉकरमध्ये मुक्काम

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी एलियन चालतो कसा ते समजून घ्या. गेममध्ये दोन मेंदू काम करतात. तुम्ही कुठे आहात हे पहिल्याला कायम ठाऊक असतं, पण तो एलियनला फक्त अंदाजे दिशा सुचवतो. दुसरा मेंदू खुद्द एलियनचा. त्याला तुम्हाला पाहून किंवा ऐकूनच शोधावं लागतं. म्हणून तुम्ही एकाच भागात रेंगाळलात की तोही तिथेच घुटमळत राहतो.

मात्र तो फार वेळ तुमच्या जवळपास राहिला आणि दडपण एका मर्यादेपलीकडे गेलं, की पहिला मेंदू त्याला मागे घेतो आणि तो छतातल्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवेच्या झरोक्यात, चढतो. त्याच्या चढण्याचा आवाज ओळखायला शिका. तो आवाज आला की लगेच निघायचं. "अजून जरा थांबू" म्हणत बसलात तर एलियन पुन्हा खाली उतरलेला असतो.

एलियन लॉकरला तोंड लावून उभा राहिला तर मागे सरकून श्वास रोखा, पण तो वळताच श्वास सोडा. जास्त वेळ रोखला तर तब्येत घटते.

ट्रॅकर सतत हातात

मोशन ट्रॅकर हे हातातलं यंत्र फक्त हालचाल दाखवतं. एलियन स्तब्ध उभा असेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. शिवाय एलियन जवळ असताना ट्रॅकरची पीप-पीप त्यालाही ऐकू जाते. एक नजर टाका, खाली घ्या आणि मग कानांवर भिस्त ठेवा. हेडफोनशिवाय हा गेम खेळूच नये, असं माझं ठाम मत आहे.

छताकडेही लक्ष असू द्या. व्हेंटमधून लाळ ठिबकत असेल तर त्याखालून जाणं म्हणजे मरण.

फ्लेमथ्रोअर हाती आला म्हणून निर्धास्त होणं

आगीने एलियन पळतो, मरत नाही. वारंवार वापरलात तर तो सरावतो आणि पूर्वीइतका बिचकत नाही. लांबून इंधन उडवू नका. तो अंगावर येताना एक छोटा फवारा पुरतो, आणि कधीकधी नळी रोखून धरली तरी तो थबकतो.

बंदुकीचं वेगळंच. गोळी झाडली की आवाजाने एलियन हजर होतो. सशस्त्र माणसं वाटेत असतील तर त्यांच्याजवळ नॉइजमेकर (आवाज करणारं उपकरण) फेका आणि स्वतः लांब राहा. वर्किंग जो या अँड्रॉइडशी (माणसासारख्या रोबोशी) पाना घेऊन समोरासमोर भिडू नका. ईएमपी माइनने (यंत्रं बंद पाडणाऱ्या विद्युतचुंबकीय सुरुंगाने) त्याला आधी सुन्न करा, नाहीतर सरळ पळा. तो तुमच्याइतका वेगवान नाही.

सेव्ह करताना घाई

सेव्ह करायच्या यंत्रात कार्ड घातल्यावर त्याचे तिन्ही दिवे लागेपर्यंत तुम्ही जागचे हलू शकत नाही, आणि तेवढ्यात एलियन मागून येऊ शकतो. शत्रू जवळ असल्याची सूचना दिसली तर आधी ट्रॅकर पाहा. वस्तू बनवतानाही गेम थांबत नाही, तेव्हा ते काम आडोशाला करा.

काहीच आवाज न करता सापडत असाल तर

प्लेस्टेशन ४ च्या कॅमेऱ्याचा किंवा एक्सबॉक्स वनच्या किनेक्टचा मायक्रोफोन तुमच्या खोलीतला आवाज एलियनपर्यंत पोहोचवू शकतो. खोकला, पंखा, शेजारी बोलणारं कुणी, सगळंच. सेटिंगमध्ये आवाज ओळखण्याचा पर्याय चालू आहे का ते तपासा आणि निदान गेम अंगवळणी पडेपर्यंत तो बंद ठेवा.