जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरमध्ये हवा किती भरावी?

अमेरिकेत साठच्या दशकातला एअरस्ट्रीम किंवा शास्ता कंपनीचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हौसेने विकत घेतला, घासूनपुसून चकचकीत केला, की पहिल्या सहलीच्या तोंडावर हा प्रश्न येतोच. सरसकट उत्तर मिळतं, ‘टायरवर लिहिलंय तेवढी भर.’ कमी हवेवर धावण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण टायरवरचा आकडा एवढंच सांगतो, की हा टायर जास्तीत जास्त किती वजन पेलेल आणि त्यासाठी किती हवा लागेल. तुमचा ट्रेलर किती जड आहे, हे टायर बनवणाऱ्याला कुठून कळणार?

नव्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढच्या बाजूस हवेचं स्टिकर असतं. जुन्यावर ते बहुधा नसतंच, आणि असलं तरी त्या काळच्या बायस-प्लाय (तिरक्या थरांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरसाठीचं. आज खाली रेडियल (आजच्या पद्धतीचे) असतील, तर तो आकडा सोडून द्या.

१. आधी टायर वाचा

मापाच्या आधी ‘एसटी’ असेल तर टायर खास ट्रेलरसाठीचा आहे. ‘पी’ असेल तर तो मोटारीचा. ट्रेलरखाली त्याची क्षमता पूर्ण धरत नाहीत, १.१ ने भागून घेतात. मग लोड रेंजचं, म्हणजे टायर किती भार पेलतो हे सांगणारं अक्षर (सी, डी किंवा ई; ई सगळ्यात दणकट) टिपून घ्या. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असल्याने नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून म्हातारं होत असतं. सहा-सात वर्षांपुढच्या टायरच्या हवेचा हिशेब करत बसू नका, टायरच बदला.

२. ट्रेलर काट्यावर न्या

ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि खरी गोम इथेच आहे. जुन्या माहितीपत्रकातलं वजन कामाचं नाही. मधल्या काळात कुणी छतावर एसी बसवला, कुणी फरशी बदलली, कुणी दुसरी बॅटरी घातली. नुसतं पाणीच गॅलनला ८.३ पौंड भरतं.

सहलीला निघतो तसा ट्रेलर भरा, गाडीला जोडा आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचा वजनकाटा शोधा. गाडीचे दोन आणि ट्रेलरचा एक असे वेगवेगळे आकडे हातात येतात. ट्रेलरच्या चाकांवरचा आकडा आपल्या कामाचा. समजा दोन एक्सलच्या, चार चाकांच्या ट्रेलरला तो ४,८०० पौंड आला. चाकामागे १,२०० झाले. पण ओटा, फ्रिज आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला असेल तर ती बाजू जड असणार, म्हणून हिशेबाला १,४०० धरू.

३. तक्त्यात हवा शोधा

टायर कंपन्या वजन आणि हवेचे तक्ते देतात. एसटी २२५/७५ आर १५ या मापाचा टायर ५० पीएसआयला (हवेच्या दाबाचं एकक, चौरस इंचाला पौंड) २,१५० पौंड पेलतो, ६५ ला २,५४० आणि ८० ला २,८३०. आपल्याला हवेत १,४००. म्हणजे लोड रेंज ई घालून ८० पीएसआय ठासली, तर गरजेच्या दुप्पट ताकद आणि दगडासारखा टायर. एअरस्ट्रीमने १९६१ पासून वापरलेल्या एक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी रबर आहे. मूळचा एक्सल असेल, तर ते रबर एव्हाना कडक झालेलं असतं. त्यात टायरही टणक, मग रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट सांगाड्यात. मुक्कामी दार उघडावं तर कपाटाचे स्क्रू जमिनीवर आणि रिव्हेटची डोकी उडालेली.

इथे मी ५० ते ५५ वर थांबेन. तक्ता याहून कमी चालेल म्हणतो, तरी उतरणार नाही. दोन एक्सलचा ट्रेलर वळताना टायर आडवे घासटतात, आणि मऊ टायर वाकून वाकून तापतो.

एका एक्सलच्या छोट्या शास्ताचा हिशेब वेगळा. एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी, ५० पीएसआयला १,७६० पौंड. जड बाजूच्या चाकावर १,५५० आले तर वाव फारच थोडा उरतो. तिथे टायरवर लिहिलेली पूर्ण ५०च भरा.

रिम आणि व्हॉल्व्हलाही मर्यादा असते. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचे. त्यापुढे धातूचे, नटाने आवळायचे लागतात. जुन्या रिमवर दाबाचा आकडा कोरलेला नसेल, तर तिच्यावर ८० चा प्रयोग नको.

४. हवा थंड टायरमध्ये भरा

ट्रेलर किमान तीन तास उभा असावा, आणि एका बाजूवर ऊन नसावं. गेज स्वतःचं ठेवा. तापमान दहा अंश फॅरेनहाइटने बदललं की हवा साधारण एक पीएसआयने बदलते, म्हणून डोंगरात थंडीत मुक्काम पडला तर सकाळी पुन्हा बघा. धावल्यावर दाब वाढतो, ती वाढ काढून टाकायची नाही. टायरवर वेगळं लिहिलेलं नसेल, तर वेग ६५ मैलांच्या आत.

पहिल्या थांब्यावर चारही टायरना हात लावून बघा. एकच जास्त गरम लागला तर त्यात हवा कमी असेल किंवा त्याच्यावर वजन जास्त. टायरबरोबर चाकाचा मधला हबही चटका देत असेल, तर तो हवेचा मामला नाही; बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.