चुकून गोळी सुटली, परवाना रद्द झाला: हायकोर्टात नेमकं काय मांडायचं

रिव्हॉल्व्हर साफ करताना गोळी सुटली, कुणी जखमी झालं आणि काही दिवसांनी परवाना रद्द केल्याचा आदेश आला, की माणूस तडक हायकोर्टातला वकील गाठतो. तिथे पहिला प्रश्न येतो, अपील केलंत का?

त्याआधीचं एक काम मात्र त्याच दिवशी उरका. आदेश हाती पडला की परवाना परत करा आणि शस्त्र, काडतुसांसह, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. अपील दाखल केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. रद्द परवान्यावर शस्त्र घरात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ खाली परवाना रद्द होतो आणि कलम १८ खाली अपील होतं. आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा असेल तर विभागीय आयुक्तांकडे, मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तांचा असेल तर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे जायचं. मुदत ३० दिवसांची. ती हुकली असेल तर विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबतच जोडा. अपील सोडून थेट रिट, म्हणजे हायकोर्टातली याचिका, चालते ती मोजक्या प्रसंगी: नोटीसच दिली नाही, म्हणणं ऐकलं नाही किंवा आदेश देणाऱ्याला अधिकारच नव्हता.

अपीलही फेटाळलं गेलं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली याचिका. इथे बहुतेकांची गफलत होते. गोळी कशी सुटली याचा पुरावा हायकोर्ट नव्याने तपासत नाही. निर्णय कसा घेतला गेला एवढंच ते पाहतं. त्यामुळे याचिकेची खरी तयारी परवाना रद्द होण्याआधी येणाऱ्या कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरातच होते, आणि लोक ते उत्तर चार ओळींत उरकतात!

त्या उत्तरात तपशील हवा. पिस्तूल असेल तर नेहमीचं कारण असं: मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं, पण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, एक काडतूस राहिलं आणि चाप ओढला गेला. हे पंचनाम्याशी, रिकाम्या पुंगळीशी आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळलं पाहिजे. ‘आपोआप सुटली’ असं लिहिलं आणि अहवालात चाप व सेफ्टी ठीक निघाली, तर तुमचाच जबाब तुमच्यावर उलटतो. त्यापेक्षा निष्काळजीपणा कबूल करून हेतू नव्हता, जुना गुन्हा नाही, शस्त्र कुलपात असतं हे कागदांनिशी दाखवणं बरं. पण फौजदारी गुन्हा नोंदला असेल तर हा मजकूर त्या खटल्याच्या वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय देऊ नका. उत्तराच्या प्रतीवर आवक शिक्क्याची पोच घ्या.

आदेशात कलम १७(३) मधलं कोणतं कारण धरलंय ते बघा. परवानाधारक अपात्र आहे, अटीचा भंग झाला, की सार्वजनिक सुरक्षेला धोका? ‘गुन्हा नोंद आहे, सबब परवाना रद्द’ एवढंच लिहिलेलं असेल तर मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. नुसता गुन्हा दाखल होणं पुरेसं नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. तेच कलम काही काळापुरतं निलंबन करण्याचीही मुभा देतं. ते का पुरलं नसतं, याचा विचार आदेशात दिसतो का तेही तपासा. कारणं दिली नसतील तर कलम १७(५) खाली लेखी मागा. सरकारी वकिलाने प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडली, तर मोहिंदरसिंग गिल खटल्यातला (१९७८) सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करा: आदेशाचं समर्थन त्यात लिहिलेल्या कारणांवरच व्हायला हवं.

‘स्वसंरक्षण हा माझा मूलभूत हक्क’ यावर पानं खर्चू नका. शस्त्र बाळगणं ही कायद्याने दिलेली मुभा आहे, त्यामुळे मूलभूत हक्काचा युक्तिवाद न्यायालयात फार टिकत नाही.

याचिकेला नोटीस, उत्तर, दोन्ही आदेश, पंचनामा आणि परवान्याची प्रत जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. रिटला ठरावीक मुदत नसली तरी विनाकारण गेलेले महिने अंगाशी येतात.

जिंकलात तरी शस्त्र लगेच हाती येईल असं धरू नका. बहुधा आदेश रद्द होऊन प्रकरण फेरनिर्णयासाठी त्याच अधिकाऱ्याकडे परत जातं, म्हणून नव्या निर्णयासाठी कालमर्यादा घालून द्यावी, ही मागणी याचिकेच्या प्रार्थनेतच, म्हणजे मागण्यांच्या भागातच, लिहा.